थालीपिठात दडलेली भाजी

दीड-दोन वर्षांचे झाले की बरीच मुले भाज्यांना नाक मुरडू लागतात. कालपर्यंत मिटक्या मारत खाल्लेला दुधी ताटाच्या कडेला सारला जातो, पोळीत मेथीचा हिरवा कण दिसला तरी घास तोंडातून बाहेर येतो. त्याला हट्ट म्हटले जाते, पण तो वाढीचाच एक टप्पा असतो. मूल पायांवर फिरू लागते, हाती लागेल ते तोंडात घालू शकते, आणि त्याच सुमारास अनोळखी खाण्याविषयीची सावधगिरी त्याच्यात जागी होते. दोन ते सहा या वयात ती सर्वाधिक असते. शिवाय लहान जिभेला कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते.

भाज्या सुटल्या की लोह, फोलेट, जीवनसत्त्व अ आणि क, तंतू हे सारेच कमी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्यामागे अनेक कारणे आहेत, तरी रोजच्या ताटाचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून आवडीच्या पदार्थात भाजी मिसळून देण्याला मोल आहे.

मूल भाजी ओळखते ती पोत, रंग आणि वास यांवरून. पोत किसून किंवा वाटून जातो. रंगासाठी जोडी जमवावी लागते: कोबी आणि फ्लॉवर पराठ्याच्या सारणात बेमालूम मिसळतात, लाल भोपळा आणि गाजर हळदीच्या वरणात विरघळतात, पालक हिरव्या मुगाच्या धिरड्यात दिसत नाही. बीटाचा रंग लपत नाही, पण गुलाबी आंबोळी मुलांना सहसा आवडतेच. मेथी-मुळ्याचा उग्र वास लसूण, ओवा, तीळ यांनी सौम्य होतो.

थालीपीठ हे या साऱ्याचे उत्तम उदाहरण. वाटीभर दुधीच्या किसाला मीठ लावले की पाणी सुटते. ते पिळून टाकू नये. त्याच पाण्यात मावेल तेवढी भाजणी, ओवा, तीळ आणि कोथिंबीर घालून पीठ मळावे, म्हणजे विरघळलेली सत्त्वे वाया जात नाहीत. ओल्या फडक्यावर थापून, भोके पाडून, तेल सोडून झाकण ठेवले की कीस वाफेत शिजतो आणि थालीपीठ मऊ राहते. किसण्याआधी मात्र कच्च्या दुधीचा तुकडा मोठ्यांनी चाखून पाहावा. कडू लागला तर तुकडा थुंकून तो दुधी टाकून द्यावा; कडू दुधी विषारी असतो आणि मसाल्यात त्याची चव झाकली जाते.

शेवग्याचा पाला विशेष उपयोगी आहे. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पालकातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे त्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची चमचाभर पूड भाकरीच्या पिठात पुरते. जास्त झाली तर कडवट लागते. पालेभाजी घातलेल्या वरणावर ताटात लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. गाजर-भोपळ्यातल्या जीवनसत्त्व अ साठी थोडे तेल किंवा तूप हवेच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या जेवणात वाटलेल्या भाज्या मिसळून पाहिल्या. मुलांच्या पोटात जाणारी भाजी जवळपास दुप्पट झाली, आणि शेजारी वाढलेली उघडी भाजी त्यांनी पूर्वीइतकीच खाल्ली.

लपवलेली भाजी शरीराला पोसते, पण तिची ओळख करून देत नाही. नवी चव पटायला ती आठ ते पंधरा वेळा चाखावी लागू शकते. त्यासाठी त्याच जेवणात चमचाभर भाजी उघडपणे वाढावी. जबरदस्ती करू नये आणि चॉकलेटचे आमिषही दाखवू नये, कारण त्याने भाजी शिक्षा वाटू लागते. लपवाछपवी उघड झाली तर आवडत्या पदार्थावरचाही विश्वास उडतो. कोथिंबीर वडी, पालकपुरी, मेथीचे ठेपले ही नावे भाजी लपवत नाहीत. तसेच दुधीचे थालीपीठ त्याच नावाने वाढावे. पुढे कीस जाडसर करत फोडींपर्यंत यावे. मटार सोलायला, मेथी निवडायला मुलांना सोबत घेतले की त्यांची भीड चेपते.

मूल मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, घास गिळताना सतत उबळ येत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.