रक्ताचा कर्करोग : औषधोपचार की प्रत्यारोपण?

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या कुटुंबावर जणू आभाळच कोसळते. ‘जमीन विकू, पण बोनमॅरो बदलून घेऊ,’ असा निर्धार घरातील वडीलधारी मंडळी अनेकदा त्याच दिवशी करून मोकळी होतात. त्यामागील तळमळ समजण्यासारखी आहे. तथापि सर्वांत मोठा व खर्चिक उपचार तोच सर्वांत योग्य उपचार, असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात सी. एम. एल., या प्रकारात तर नित्य घ्यावयाच्या गोळीने प्रत्यारोपणाला मागे सारले आहे.

रोगाचे मूळ

हाडांच्या पोकळीतील मऊ मगजास अस्थिमज्जा म्हणतात. तेथील मूळ पेशींपासून रक्तातील सर्व पेशी तयार होतात. सी. एम. एल. मध्ये पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९६० साली पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. क्रमांक ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवून दिले. या अदलाबदलीतून निर्माण होणारे सदोष प्रथिन पेशींना अखंड वाढत राहण्याचा जणू आदेशच देते.

प्रत्यारोपणाचे स्वरूप

प्रत्यारोपणात तीव्र औषधांनी, क्वचित किरणोपचारानेही, रुग्णाची रोगट अस्थिमज्जा नष्ट केली जाते. नंतर दात्याच्या मूळ पेशी रक्ताप्रमाणे शिरेवाटे दिल्या जातात. दाता व रुग्ण यांच्या पेशींचे गुणधर्म जुळावे लागतात. सख्ख्या भावंडाशी ते पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. या कार्याबद्दल डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० सालच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ सालीच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले होते.

रोग समूळ नाहीसा करण्याचे सामर्थ्य या उपचारात आहे. पण जोखीमही तितकीच मोठी आहे. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, यकृत व आतडी परकी समजून त्यांच्यावर हल्ला करू शकतात. उपचारानेच रुग्ण दगावण्याचा धोका नाकारता येत नाही.

गोळीने घडविलेला बदल

सदोष प्रथिनाचे कार्य रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. हे औषध प्रथम देण्यात आलेल्या रुग्णांची एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. तीत १० वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ८३ टक्के आढळले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका स्वरूपाचे पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

निर्णय कसा होतो?

सी. एम. एल. च्या प्रारंभिक अवस्थेत प्रथम गोळी दिली जाते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासून सदोष जनुकाचे प्रमाण किती घटले, ते पाहिले जाते. ते पुरेसे न घटल्यास दुसरे औषध दिले जाते. एकाहून अधिक औषधे निष्फळ ठरली किंवा रोग तीव्र अवस्थेत गेला, तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. त्या वेळी वय, अन्य व्याधी व जुळणारा दाता या बाबी पाहाव्या लागतात.

तीव्र ल्युकेमियाची गोष्ट वेगळी आहे. तेथे औषधांनी रोग आटोक्यात आणल्यावर, तो उलटण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांसाठी प्रत्यारोपण सुचविले जाते. म्हणून ‘अमक्याला गोळीने बरे वाटले’ किंवा ‘तमक्याने बोनमॅरो बदलला’ हा दाखला दुसऱ्या रुग्णास लागू पडेलच असे नाही. रोगाचा नेमका प्रकार व अवस्था कोणती, हा पहिला प्रश्न होय.

खंड पडू नये

गोळीचा खरा शत्रू म्हणजे तिनेच दिलेला आराम. काही महिन्यांत अंगात शक्ती येते, रुग्ण शेतावर जाऊ लागतो आणि ‘आता कशाला गोळी?’ असे त्याला वाटू लागते. मळमळ, पायांत गोळे येणे, डोळ्यांभोवती सूज अशा त्रासामुळेही काहीजण औषध सोडतात. मात्र औषधात वारंवार खंड पडल्यास रोग पुन्हा डोके वर काढतो. अनेक वर्षे उत्तम परिणाम टिकलेल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवितात. पण त्यांतील सुमारे निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तर आधीच डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

येथे गावातील जाणत्या मंडळींचे साहाय्य मोलाचे ठरते. जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी कुटुंबाने कर्करोग रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यावा, हे पंचायत सदस्य समजावू शकतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यास ते सांगू शकतील. शिक्षकांना रुग्णाच्या तपासणीची तारीख ध्यानात ठेवता येईल. उपचाराची निवड डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून करावयाची असते; ती वर्षानुवर्षे निभावण्यास मात्र सोबतीची गरज असते.