सभेची दवंडी

गावात दवंडी पिटतात. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागतो. अमुक तारखेला ग्रामसभा आहे, सर्वांनी हजर राहावं. आपण ऐकतो आणि म्हणतो, असेल काहीतरी पंचायतीचं. मग कोयता घ्यायचा आणि बागेची वाट धरायची. पंचायतीचं काम सरपंच बघतील, मेंबर बघतील. आपल्याला त्यातलं काय कळतंय!

पण जरा थांबा. ग्रामसभा पंचायतीची नाही, ती तुमची आहे. पंचायत म्हणजे तुम्ही निवडून दिलेले मेंबर. सात असतील, नऊ असतील, फार तर सतरा. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेला गावचा प्रत्येक माणूस. बाई असो की बाप्या, बागायतदार असो की मजूर, समुद्रावर जाणारा असो की डोंगरावरच्या वाडीतला. तुमचं नाव यादीत आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेचे सभासद झालात. त्यासाठी वर्गणी नाही, अर्ज नाही.

वर्षात निदान चार ग्रामसभा घ्यायच्याच, असा कायदा आहे. आपल्या राज्यात त्या बहुधा या दिवशी भरतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कधी तारीख मागेपुढे होते, म्हणून फळा वाचत जा. सभेची सूचना सात दिवस आधी लागली पाहिजे. सरपंचाने कारण नसताना सभाच घेतली नाही, तर त्याचं पद जाऊ शकतं. इतकी ही सभा महत्त्वाची.

आता कोरम म्हणजे काय ते पाहू. सभा चालू व्हायला ठरावीक माणसं लागतात, त्याला कोरम म्हणतात. गावच्या मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर माणसं, यांत जो आकडा लहान तो धरायचा. समजा, गावात चारशे मतदार आहेत. शेकडा पंधराने साठ झाले. म्हणजे साठ माणसं हवीत. गावात तीन हजार मतदार असतील तर शेकडा पंधराने साडेचारशे होतात. तिथे शंभर पुरतात. तेवढीही आली नाहीत, तर सभा तहकूब होते. मग ती पुन्हा भरते आणि त्या वेळी कोरम लागत नाही. वीस माणसं आली तरी सभा होते, ठराव होतात, आणि ते ठराव साऱ्या गावाचे म्हणून कागदावर चढतात. आपण बागेत होतो म्हणून आपल्याला ते लागू नाहीत, असं होत नाही. घरी बसलेल्या माणसाचं मत वीस जण ठरवून टाकतात.

पाणी कुणाचं?

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातलं, गणपतीपुळ्याच्या शेजारचं, समुद्रकाठचं गाव. कवी केशवसुत इथे १८६६ साली जन्मले. त्यांचं स्मारक १९९४ साली गावात उभं राहिलं. पुष्कळ लोक ते बघायला येतात. केशवसुतांची ‘तुतारी’ सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ नावाचीही एक कविता लिहिली. अस्पृश्य ठरवलेल्या एका लहान पोराला पडलेला तो प्रश्न. त्या काळी असा प्रश्न कागदावर मांडणं सोपं नव्हतं.

तो प्रश्न पुढे पाण्याच्या काठावर आला. महाडला चवदार तळं आहे. गुरं तिथे पाणी पीत, पण अस्पृश्य माणसांना ते पाणी बंद होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. पाणी पिऊन प्रश्न मिटला नाही. खटला दहा वर्षं चालला. १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दर वर्षी २० मार्चला महाडला मोठा मेळावा भरतो. आपल्या बाजूनेही लोक जातात.

आता कुणी म्हणेल, ती जुनी गोष्ट झाली. आता नळ सगळ्यांना आहे. आहे का? कोकणात पाऊस धो धो पडतो. पण आपला जांभा दगड पाणी धरत नाही. सड्यावर पडलेलं पाणी झिरपतं आणि ओढ्यावाटे समुद्राला मिळतं. मग एप्रिल-मे आला की विहिरी तळ गाठतात. अशा वेळी कोणत्या वाडीला रोज पाणी सुटतं आणि कोणत्या वाडीला दोन दिवसांआड, हे एकदा मोजून बघा. नळाची लाईन कोणत्या वाडीपाशी येऊन थांबते तेही बघा. भांडण करायला नको. तारखा लिहून ठेवा आणि त्या सभेत वाचून दाखवा. लिहिलेल्या तारखांना उत्तर द्यावं लागतं. नुसत्या ओरडण्याला मात्र कुणीही “बघू” म्हणून वाटेला लावतो.

पैशाचंही तसंच. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर असं जे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, त्यातला वाटा ठरलेला आहे. शेकडा पंधरा मागासवर्गीयांसाठी, शेकडा दहा महिला आणि बालकांसाठी, शेकडा पाच अपंगांसाठी. समजा, पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न दोन लाख आहे. तर तीस हजार, वीस हजार आणि दहा हजार असे हे वाटे निघाले पाहिजेत. “ते कुठे खर्च झाले?” एवढंच सभेत विचारायचं. उत्तर मिळालं नाही, तर २००५ सालचा माहितीचा कायदा आहे. दहा रुपये भरून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नकोत. तीस दिवसांत लेखी उत्तर यायला हवं.

बायांची सभा

ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. तिला महिला सभा म्हणतात. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. अंगणवाडीत चार सह्या घेतल्या की झाली सभा! हे खरं नव्हे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. बाई सरपंच होते आणि खुर्चीत तिचा नवरा बसतो, हेही काही ठिकाणी चालतं. ज्या बाईला गावाने निवडलं, तिनेच बोलावं. नवऱ्याने घरी भात लावावा, त्या दिवसापुरता तरी.

बायांचा प्रश्न सभेत आला म्हणजे काय होतं, ते हेरवाडने दाखवलं. हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथे ठराव झाला : नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. करोनाच्या साथीत कितीतरी तरण्या बायांचे नवरे गेले होते, ते दुःख गावाच्या डोळ्यासमोर ताजं होतं. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे चाल एका दिवसात मोडते असं नाही. पण उद्या एखादी सून “मी बांगड्या फोडणार नाही” म्हणाली, तर ती एकटी पडत नाही. गावाचा कागद तिच्या पाठीशी असतो.

गावकी आणि ग्रामसभा

आपल्या कोकणात आणखी एक सभा असते. गावकी. सणावाराला, पालखीला, देवळाच्या कामाला गावकी लागते, त्यात वाईट काही नाही. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतात, मंडळी जमते, गावाला गाव भेटतो. पण गावकी आणि ग्रामसभा एक नव्हेत. गावकीत बहुधा बाप्येच बसतात, मानकऱ्यांचा शब्द मोठा असतो. आणि कधी कधी गावकी एखाद्या घराला वाळीत टाकते. जातीबाहेर लग्न केलं, देवळाची वर्गणी दिली नाही, गावकीविरुद्ध कोर्टात गेला. मग त्याच्याशी बोलायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, मयताला जायचं नाही. गावात राहून माणूस एकटा पडतो. त्याच्या पोरांशी पोरं खेळत नाहीत.

हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा सांगतो की पंच म्हणून बसून असा निर्णय करणाराही दोषी. तेव्हा गावकीत कुणी “याला बंद करा” म्हणालं, तर तिथेच सांगावं : दादा, हे आपल्या अधिकारात नाही. हे तोंडावर बोलायला धीर लागतो, कबूल. पण दहा जणांनी मिळून म्हटलं की धीर येतो.

वाळू, तिवरं आणि कासवं

गावची जमीन, झाडं, पाणी, किनारा यांचाही विचार ग्रामसभेतच करायचा असतो. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती हवी. नाव जड आहे, काम सोपं आहे. गावात कोणती झाडं, कोणते मासे, कोणती औषधी मुळं, कोणते पक्षी आहेत, त्यांची नोंदवही करायची. ही माहिती शाळेपेक्षा म्हाताऱ्या माणसांपाशी जास्त असते. त्यांच्या हयातीत लिहून घ्या. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम आपल्या पूर्वजांनी कायद्याआधी केला. त्या राखलेल्या झाडांखालीच कितीतरी झरे अजून वाहतात. खाडीकाठची तिवरं कुणी सरपणाला तोडतो, कुणी भराव टाकतो. त्या तिवरांच्या मुळांतच माशांची नि कोळंबीची पिल्लं वाढतात, आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. तिवर गेलं की खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. म्हणून म्हणतो, निसर्ग राखणं आणि गरिबाला न्याय देणं या दोन वेगळ्या सभा नव्हेत.

कासवाची गोष्ट ऐका. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री वाळूवर येते. मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून बघत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. पूर्वी ही अंडी माणसं खात नि विकत. उरलेली कुत्री, कोल्हे उकरत. कासवाला हात लावायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण बंदीचा कागद वाळूवर पहारा देत नाही.

मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात हलवायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारी ते मे या दिवसांत शहरातली माणसं पहाटे पिल्लं बघायला येतात, गावच्या घरांत उतरतात, भाकरी-आमटी जेवतात. पैसा घरातल्या बाईच्या हातात पडतो. जे अंडी विकून चार आणे मिळवत, त्यांच्या पोरांना आता जिवंत पिल्लांवर रोजगार मिळतो.

आपल्या किनाऱ्याला एक गोष्ट ग्रामसभेत ठरवता येईल. पिल्लू वाळूतून निघालं की उजेडाकडे धावतं. अंधाऱ्या रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ दिसतो, म्हणून ते पाण्याकडे जातं. पण किनाऱ्यावर हॉटेलचे, घरांचे झगझगीत दिवे असले, तर ते उलट गावाकडे येतं आणि मरतं. हंगामात समुद्राकडचे दिवे मालवायचे किंवा झाकायचे, एवढा ठराव करायला पैसा लागत नाही.

ग्रामसभा किती मोठं काम करू शकते, याचा एक दाखला ओडिशातला. नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण काढायची होती. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावं नको म्हणाली. खाण झाली नाही. तिथे वनहक्काचा कायदा आदिवासींच्या बाजूला होता, प्रत्येक गावाला तेवढी ताकद नसते, हे खरं. पण त्या माणसांतही पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. सभेत उभं राहून आपल्या भाषेत ती बोलली.

सही करण्याआधी

सभेला गेलात की वहीत सही करावी लागते. तुम्ही आता अंगठा उठवत नाही, सही करता. म्हणून एक काळजी घ्या. सही आधी आणि सभा मागून, असं कुणी म्हणालं तर वहीचं ते पान वाचा. वर तारीख आहे का? ही हजेरीची वही आहे की ठरावाची? ठरावाखाली कोऱ्या जागेत सही करू नका. तुमचा विषय प्रोसिडिंगमध्ये लिहिला जातोय का ते बघा. लिहिणाऱ्याला वाचून दाखवायला सांगा. लिहिणारे ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणवतात, पण काम तेच. विषय आधीच द्यायचा असेल तर साध्या कागदावर दोन ओळी लिहा, पंचायतीत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तुमचं नाव, वाडी, तारीख आणि काय हवं ते. चुकलं अक्षर तरी चालतं. ती प्रत सभेच्या दिवशी बरोबर ठेवा.