पुंगळ्यांची साक्ष

ऑगस्ट १९८३मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वणवा लागला आणि लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवरचं दाट गवत जळून गेलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर रिचर्ड फॉक्स हा पुरातत्त्वज्ञ फिरला, तेव्हा जुन्या लढाईच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. २५ जून १८७६ रोजी इथे अमेरिकी सैन्याचा लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर आणि त्याच्यासोबतचे सुमारे २१० जण लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांशी लढताना मारले गेले. त्या तुकडीतलं कुणीच वाचलं नाही. त्यामुळे पुढची शंभर वर्षं चित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी ही लढाई हवी तशी रंगवली. ती डोळ्यांनी पाहिलेले लोक होते, पण ते जिंकलेल्या बाजूचे, आदिवासी. त्यांच्या सांगण्याला वजन दिलं गेलं नाही, हा मोठाच अन्याय.

१९८४मध्ये डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांनी या माळाची पद्धतशीर पाहणी सुरू केली. तोवर मेटल डिटेक्टर हे गुप्तधन शोधणाऱ्यांचं हत्यार समजलं जाई. बहुतेक पुरातत्त्वज्ञ त्याला हातही लावत नसत. इथे स्वयंसेवक काही मीटरचं अंतर राखून एका ओळीत चालत. यंत्र वाजलं की तिथे छोटं निशाण रोवायचं. मागून येणारे अलगद माती बाजूला करत, पण वस्तू जागची हलवत नसत. ती नेमकी कुठे, किती खोल आणि कोणत्या दिशेला तोंड करून पडली आहे, हे मोजून झाल्यावरच ती उचलली जाई.

खरी गंमत प्रयोगशाळेत कळली. बंदूक झाडली की तिची फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर खळगा पाडते, आणि प्रत्येक बंदुकीचा खळगा थोडा वेगळा असतो. पोलीस खुनाच्या तपासात जे तपासतात, तेच इथे शंभर वर्षांपूर्वीच्या पुंगळ्यांवर तपासलं गेलं. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या दोन-तीन ठिकाणी सापडल्या, की ती बंदूक कुठून कुठे गेली हे नकाशावर दिसू लागे. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. समोरून मात्र हेन्री आणि विंचेस्टरसारख्या एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीही चालत होत्या. एका उतारावर हेन्रीच्या इतक्या पुंगळ्या निघाल्या, की संशोधकांनी त्या जागेचं नावच ‘हेन्रीव्हिल’ ठेवलं. कार्बाइनमध्ये पुंगळ्या अडकल्यामुळे सैनिक हरले, ही जुनी समजूतही टिकली नाही. ओरखडून उपसलेल्या पुंगळ्या फारच थोड्या होत्या. सैनिकांची फळी मोडली आणि ते गोंधळून एकत्र गोळा झाले, असा निष्कर्ष फॉक्सने काढला. शायेन आणि लकोटा लोक हेच सांगत आले होते.

हौशी माणूसही अशा कामात मोलाचा ठरतो. जर्मनीतल्या काल्क्रीझजवळ १९८७मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला डिटेक्टरने रोमन नाणी आणि पुढे गोफणीचे शिशाचे गोळे सापडले. त्याने ते खिशात घातले नाहीत, स्थानिक पुरातत्त्वज्ञांकडे जागेसह नोंदवले. इसवी सन ९मध्ये रोमच्या तीन लीजन, म्हणजे सैन्यतुकड्या, जिथे कापल्या गेल्या, त्या लढाईचा माग तिथून लागला.

आपल्याकडे मात्र उलटं घडलं. मार्च २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर मोगलांच्या सोन्याच्या नाण्यांची अफवा उठली आणि बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागले. तिथे कुणी काही मोजत नव्हतं, काही नोंदवत नव्हतं. मातीतून असं ओरबाडलेलं नाणं सराफाच्या तराजूवर तेवढं चालतं. ते कुणाच्या कमरेतून, कोणत्या पळापळीत पडलं, हे सांगणारा थर फावड्यानेच फोडलेला असतो. आपल्याकडचा १८७८चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कधी सापडलं आणि कोणत्या जागी.