हॉटेलांतील नोकरी आणि आपलीं मुलें



घरीं पाहुणा आला कीं त्याला बसावयास द्यावें, पाणी विचारावें, तो जेवल्यावांचून जाऊं नये म्हणून आग्रह करावा, ही आपली रीत. तिचा आपणांस अभिमानही वाटतो. पण तेंच काम पगार घेऊन करण्याची गोष्ट निघाली, कीं आपलीं तोंडें वांकडीं होतात. "मुलगा काय करतो?" ह्या प्रश्नास "बँकेंत आहे" असें उत्तर देतांना बापाची मान ताठ असते, "हॉटेलांत आहे" असें सांगतांना तोच बाप आवाज जरा खालीं आणतो. बारावीचे निकाल लागले म्हणजे अजूनही कांहीं पालक माझ्याकडे विचारावयास येतात, आणि अलीकडे बऱ्याच जणांनीं हाच प्रश्न केला : "गुरुजी, पोरगा हॉटेल मॅनेजमेंट म्हणतो आहे. जाऊं द्यावें काय?"

दारांत उभें राहून ह्याचें उत्तर देतां येत नाहीं. आज थोडा वेळ मिळाला आहे, तेव्हां सविस्तर देतों. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. हा धंदा हलका नाहीं. पण तो सोपाही नाहीं, आणि नुसता कोट-टाय पाहून जो त्यांत पडतो त्याचे हाल होतात.

वसई-विरारकरांस हा विषय परका नसावा. 1867 सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल गाडी धांवली, तेव्हांपासून आपल्या भागाचें पोट ह्या रुळांवर आहे. 2009 सालीं येथें महानगरपालिका झाली, 2014 सालीं पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा झाला. तरी नोकरीसाठीं आपलें तोंड दक्षिणेकडेच आहे. मध्यरात्र उलटल्यावर चर्चगेटहून सुटणारी शेवटची विरार गाडी कधीं पाहा. डोळे मिटून बसलेल्या त्या तरुणांत हॉटेलांतून सुटून आलेले किती तरी असतात. कुणी वांद्र्याच्या उपाहारगृहांत वाढपी, कुणी विमानतळाजवळच्या हॉटेलांत आचाऱ्याच्या हाताखालीं, कुणी चादरींच्या कोठारावर. हे आपलेच शेजारी होत. त्यांच्या कामाची आपणांस माहिती मात्र नसते.

मोठ्या हॉटेलाचे चार मुख्य विभाग असतात. पाहुण्याचें स्वागत, नोंद आणि हिशेब पाहणारें फ्रंट ऑफिस, खोल्या आणि स्वच्छता पाहणारें हाउसकीपिंग, वाढपाची सर्व्हिस, आणि स्वयंपाकघर, म्हणजे किचन. शिकूं पाहणाऱ्या मुलांना पहिला आणि शेवटचा विभाग आवडतो. एकांत चांगले कपडे असतात, दुसऱ्यांत दूरदर्शनवर दिसणारी उंच पांढरी टोपी असते. हाउसकीपिंग म्हटलें कीं "म्हणजे झाडूपोछाच ना?" असें विचारतात. ह्या प्रश्नाचा मला राग येतो. एका पाळींत एकेका माणसाकडे साधारण 14 ते 16 खोल्या असतात. प्रत्येक खोलींतील बिछाना सुरकुतीवांचून घालावयाचा, न्हाणीघर कोरडें करावयाचें, पाहुण्याची वस्तू जेथली तेथेंच ठेवावयाची, आणि हें सर्व घड्याळाकडे पाहून. शिवाय किती चादरी धुण्यास गेल्या, किती परत आल्या, किती फाटल्या ह्यांचा हिशेब. जो हा हिशेब चोख ठेवतो तो पर्यवेक्षक होतो, आणि ह्या खात्याचा प्रमुख हा हॉटेलांतील बड्या अधिकाऱ्यांपैकीं एक असतो. आपल्या आयांनीं जन्मभर बिनपगारी केलेलें हें काम आहे. म्हणूनच कदाचित् आपण त्याची किंमत करीत नाहीं.

किचनमधील शिडी तर शाळेच्या इयत्तांसारखीच आहे. सर्वांत खालीं तिसऱ्या दर्जाचा कॉमी, मग दुसऱ्या, मग पहिल्या दर्जाचा. त्यावर एकेका विभागाचा मुख्य, ज्याला हॉटेलांत सी. डी. पी. म्हणतात, त्यावर सू-शेफ, आणि सर्वांच्या वर एक्झिक्युटिव्ह शेफ. पहिले कांहीं महिने कांदे सोलण्यांत, भाज्या एकसारख्या चिरण्यांत आणि शीतगृहाचीं फळ्या पुसण्यांत जातात. पदवी घेऊन आलेल्या मुलासही हें चुकत नाहीं. पुष्कळ मुलें येथेंच मागें फिरतात, आणि घरीं येऊन "तेथें कांहीं शिकवीत नाहींत" असें सांगतात.

मराठी माणसाला हा धंदा जमत नाहीं असा एक समज आहे. तो मला मान्य नाहीं. दादरचें मामा काण्यांचें उपाहारगृह 1910 सालचें. गिरणगांवांत तर शेंकडों बायांनीं आपल्या एका खोलींत गिरणीकामगारांच्या खाणावळी चालविल्या आणि त्यांवर मुलें शिकविलीं. त्या बायांना कर्ज देण्यास सावकाराखेरीज कोणी नसे. 1975 सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचें दार उघडून दिलें. विठ्ठल कामत ह्यांनीं 1997 सालीं पार्ल्यास विमानतळालगत ऑर्किड हॉटेल उभें केलें. त्यांचें 'इडली, ऑर्किड आणि मी' हें आत्मकथन पुष्कळ घरांत आहे. तें मुलाच्या आधीं बापानें वाचावें.

बाहेरच्या जगांतलींही दोन उदाहरणें देतों. मोहनसिंग ओबेरॉय 1922 सालीं सिमल्याच्या सेसिल हॉटेलांत कारकून म्हणून लागले, पगार महिना 50 रुपये. 1934 सालीं त्यांनीं क्लार्क्स हॉटेल विकत घेतलें, आणि पुढें तें सेसिलही त्यांच्याच कंपनीकडे आलें. सीझर रिट्झ हा 1850 सालीं स्वित्झर्लंडच्या एका खेड्यांत जन्मलेला शेतकऱ्याचा तेरावा मुलगा. ह्या धंद्याला लागणारी जाण तुझ्यांत नाहीं, असें सांगून उमेदवारींतच त्याला मालकानें काढून टाकलें. 1898 सालीं पॅरिसमध्यें त्याच्या नांवाचें हॉटेल उघडलें, तें आजही चालू आहे. अर्थात् अशीं माणसें लाखांत एक असतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून मुलाला नोकरीस लावणें शहाणपणाचें नव्हे. सामान्य बुद्धीच्या, कष्टाळू मुलास काय मिळेल, हा आपला प्रश्न.

त्याला शिरावयाचे रस्ते तीन. पहिला पदवीचा. मुंबईची हॉटेल व्यवस्थापन संस्था 1954 सालीं लीलावती मुनशी ह्यांच्या पुढाकारानें, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेतर्फे निघाली. आज ती दादरला वीर सावरकर मार्गावर आहे, म्हणजे विरारच्या मुलाला गाडी बदलण्याचीही गरज नाहीं. अशा सरकारी संस्थांसाठीं देशभर एकच प्रवेशपरीक्षा होते. बारावीस कोणतीही शाखा चालते, मात्र इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. परीक्षा अलीकडे एप्रिल-मेच्या सुमारास होते आणि अर्ज त्याच्या कांहीं महिने आधींच भरावे लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर जागे होणाऱ्याचें वर्ष फुकट जातें. पुण्यासही राज्य सरकारची अशी संस्था आहे.

दुसरा रस्ता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील, म्हणजे आय. टी. आय. मधील पाककलेच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा. तिसरा उमेदवारीचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें हॉटेलेंही विद्यावेतन देऊन उमेदवार घेतात. ज्या घरांत तीन वर्षांच्या फीची सोय नाहीं, त्यांनीं कर्ज काढून एखाद्या गल्लींतल्या चकचकीत खाजगी 'अकॅडमी'चा दाखला घेण्यापेक्षां हा तिसरा रस्ता धरावा, असें माझें स्पष्ट मत आहे. खाजगी संस्थेंत जावयाचेंच असेल, तर तीन गोष्टी विचाराव्या : मान्यता कोणाची, शिकाऊ स्वयंपाकघर प्रत्यक्ष चालतें काय, आणि गेल्या वर्षीं उत्तीर्ण झालेलीं मुलें आज कोठें आहेत. तिसऱ्या प्रश्नावर जो गृहस्थ तुम्हांस छापील माहितीपत्रक दाखवील, त्याला नमस्कार करून घरीं यावें.

आतां पगार आणि वेळ. सुरुवातीचा पगार कमी असतो. ऑफिसांतल्या मुलापेक्षां बहुधा कमीच. जेवण आणि गणवेश मिळतो, कोठें बक्षिसीचा वांटा मिळतो. तीन-चार वर्षें टिकून राहिलेल्याचा पगार नंतर वाढूं लागतो, आणि येथें बढती हातांतल्या कामावर मिळते. पण आपल्या भागाचा खरा शत्रु अंतर हा आहे. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. हॉटेलांत 'ब्रेक शिफ्ट' नांवाचा एक प्रकार असतो : दुपारच्या जेवणाला काम, मग तीन-चार तास सुट्टी, आणि पुन्हां रात्रीच्या जेवणाला काम. दादरला राहणारा त्या मधल्या वेळांत घरीं जाऊन झोंपतो. नालासोपाऱ्याचा मुलगा एखाद्या बांकावर बसून राहतो. सकाळीं नवाला निघालेला तो रात्रीं दोनला घरीं पोहोंचतो. असे सहा महिने काढल्यावर चांगलीं मुलेंही नोकरी सोडतात, आणि दोष धंद्याला देतात. ह्यावर माझा उपाय साधा आहे. पहिली नोकरी कुलाब्याच्या ताजमहालांतच पाहिजे असा हट्ट धरूं नये. विमानतळाभोंवतीं, अंधेरी-सहारकडे हॉटेलांची दाटी आहे, आणि विरार ते अंधेरी हें अंतर अवघें 38 किलोमीटर. मुलाखतींत पगाराच्या आधीं पाळीची वेळ विचारावी, आणि ती रेल्वेच्या वेळापत्रकाशीं ताडून पाहावी.

मुलींविषयीं निराळें बोलतों, कारण घरांत खरा वाद तेथें होतो. रात्रपाळी म्हटली कीं आईचा जीव वर-खालीं होतो, आणि तें स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीवांचून कामावर ठेवतां येत नाहीं. आणि संमति दिली तरी तिच्या सुरक्षिततेची व येण्याजाण्याची सोय मालकानें करावयाची असते. ही सोय कागदावर आहे कीं खरोखर दाराशीं गाडी येते, हें तेथें काम करणाऱ्या मुलींनाच विचारावें. माझी एक विद्यार्थिनी फ्रंट ऑफिसांत लागली तेव्हां तिच्या चुलत्यांनीं तीन महिने अबोला धरला होता. पुढें त्याच चुलत्यांनीं आपल्या मुलीला तिच्याकडे चौकशीस पाठविलें.

दुसरी भीति इंग्रजीची. मराठी शाळेंतला मुलगा इंग्रजीला घाबरून ह्या रस्त्यास जात नाहीं, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मी स्वतः मॅट्रिक झालेला माणूस. माझें इंग्रजी पुस्तकी. म्हणून खात्रीनें सांगतों, हॉटेलांत लागणारें इंग्रजी हें निबंधाचें इंग्रजी नव्हे. पाहुण्याचें म्हणणें समजणें, तें उलट विचारून पक्कें करणें, आणि नाहीं म्हणावयाचें तें नम्रपणें म्हणणें, एवढ्यावर पहिलीं दोन वर्षें भागतें. रोज अर्धा तास मोठ्यानें वाचावें. घरांतल्यांनीं हंसूं नये, ही त्यांतली महत्त्वाची अट.

आतां एका अप्रिय गोष्टीकडे वळतों. प्रवासी जहाजांवरील आणि आखातांतील नोकऱ्यांचें आपल्या किनाऱ्यावर मोठें आकर्षण आहे, आणि तेवढेच दलालही आहेत. एका ओळखीच्या घरांतील आईनें बांगड्या गहाण ठेवून अशा एका दलालाला रक्कम दिली. मुलगा चार महिने आज-उद्यां ऐकत राहिला, आणि मग दलालाचा दूरध्वनी बंद झाला. म्हणून नियम सांगून ठेवतों. जहाजावर माणसें पाठविणारी संस्था केंद्र सरकारच्या नौवहन महानिदेशालयाची परवानाधारक असावी लागते, आणि नोकरी लावून देण्याबद्दल तिनें उमेदवाराकडून पैसे घेणें नियमबाह्य आहे. जमिनीवरील परदेशी नोकरीच्या दलालाला 1983 च्या कायद्याखालीं परवाना लागतो. तो खरा आहे कीं नाहीं, हें परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळतां येतें. पर्यटक म्हणून व्हिसा देतों, तेथें गेल्यावर नोकरीचें पाहूं, असें जो म्हणतो त्याच्या दारांतूनच परत फिरावें.

ह्या धंद्याची एक दुबळी बाजूही लपवूं नये. देशावर कांहीं संकट आलें कीं हॉटेलें आधीं ओस पडतात. 2008 च्या नोव्हेंबरांत ताजच्या कर्मचाऱ्यांनीं पाहुण्यांना वांचवितांना प्राण वेंचले, तें आपण जाणतोंच. 2020 च्या टाळेबंदींत तर हॉटेलें महिनोन्महिने बंद राहिलीं, आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवसांत ज्यांच्या हातांत स्वयंपाक होता त्यांनीं घरून डबे दिले. ज्यांना फक्त हंसून स्वागत करतां येत होतें ते बसून राहिले. तेव्हां विभाग कोणताही असो, चुलीपुढचें काम थोडें तरी शिकून ठेवावें.

तें शिकण्यास आपला गांव कांहीं वाईट नाहीं. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशीं सहलीच्या मंडळींची गर्दी लोटते. तेथील रिसॉर्टांत सुट्टीभर काम केलेल्या मुलाला, हा धंदा आपल्याला सोसेल कीं नाहीं, हें फीचा एक रुपयाही न भरतां कळतें. आपल्या वसईची सुकेळी, ख्रिस्ती घरांतले फुगे आणि बाटली मसाला, ताजी मासळी ओळखण्याची आणि साफ करण्याची रीत, ह्या गोष्टी कोणत्याही संस्थेंत इतक्या चांगल्या शिकवीत नाहींत. ज्यांच्याजवळ वाडींत मोकळें घर आहे त्यांच्यासाठीं राज्य सरकारची निवास-न्याहारी योजनाही आहे. किल्ला पाहण्यास येणाऱ्यांना राहावयास जागा हवीच असते.

जाण्याचें ठरलेंच, तर पहिल्या दिवसापूर्वीं दोन कामें उरकावीं. अन्न हाताळणाऱ्याला दरवर्षीं वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो, तो आधींच काढून ठेवावा. आणि बूट चांगले घ्यावेत, न घसरणाऱ्या तळव्याचे, अर्धा अंगुळ सैल. कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, आणि बसावयास मिळत नाहीं.