ऐनाच्या पानांचं रेशीम

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या जंगलात ऐनाच्या झाडांखाली कुणी गलोल घेऊन उभं दिसलं, तर समजा, वर अळ्या चरतायत! हिरव्यागार, गुबगुबीत. टसर रेशीम, म्हणजे आपला कोसा, त्यांचाच.

तुतीची पानं खाणारे रेशीमकिडे घरात, छपराखाली वाढतात. टसरची अळी मात्र उघड्या झाडावरच राहते आणि ऐनाची नाहीतर अर्जुनाची पानं खाते. तिथं मुंग्या येतात, गांधीलमाश्या येतात, पाखरं तर टपलेलीच! म्हणून ढिवर समाजातली माणसं दिवसभर राखण करतात. मला तर हे काम शेतीइतकंच मोठं वाटतं.

महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस, अळी नुसती खात सुटते. मधे चार वेळा कात टाकते. मग एके दिवशी खाणं बंद. आता खरी गंमत! तिच्या पोटात धागा नसतोच मुळी, असतो दाट रस. तोंडाखालच्या बारीक छिद्रातून तो बाहेर ओढला जातो आणि ओढला जाता जाताच त्याचा धागा होतो! आधी ती फांदीला वेढा घालून एक मजबूत दांडी करते. मग डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत त्या दांडीला लोंबणारा, लहानशा अंड्याएवढा कोष विणते. शेकडो मीटर धागा, सलग.

आत अळीचा पतंग होतो. त्याच्या प्रत्येक पंखावर आरपार दिसणारा गोल ठिपका असतो. बाहेर पडताना तो तोंडातल्या द्रवानं कोष मऊ करतो आणि वाट काढतो. पण भोक पडलं की सलग धागा मिळत नाही. म्हणून काही कोष पुढच्या अंड्यांसाठी राखतात आणि बाकीच्यांतला जीव उष्णता देऊन मारतात. वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. पण रेशीम कसं होतं हे सांगायचं, तर हेही सांगायलाच हवं.

पुढे कोष सोड्याच्या पाण्यात उकळले की धाग्यांना चिकटवणारा पदार्थ सुटतो. पाच-सहा कोषांची टोकं एकत्र ओढून एक धागा करतात. रंग न देताच तो मधासारखा तपकिरी दिसतो.

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात हा कोसा मागावर चढतो. भौगोलिक मानांकन मिळालेली करवत काठी साडी विणताना तीन धोटे चालतात: दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथं एकमेकांत अडकतात, तिथंच ते करवतीचे दाते उमटतात.