सालीवर शेवाळाचे पांघरूण

एकाच जातीची, एकाच वयाची दोन झाडे घेतली, तर त्यांच्या सालीत औषध सारखेच असेल काय? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच देशात, निलगिरीच्या डोंगरात, एका माळ्याच्या हाताने झाडांना विचारला गेला.

झाड होते सिंकोनाचे. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. त्याच्या कडूजहर सालीत क्विनीन असते. जुन्या पिढीचे ‘कोयनेल’ ते हेच. हिवतापावर त्या काळी याच्याइतके खात्रीचे औषध नव्हते. १८६० नंतर उटकमंडच्या परिसरात सिंकोनाची लागवड सुरू झाली, पण अडचण अशी की सालीसाठी झाड तोडले की झाडच गेले.

तेथील बागांचे अधीक्षक विल्यम मॅकआयव्हर यांनी वेगळाच उपाय केला. खोडावरील सालीच्या उभ्या पट्ट्या त्यांनी एक सोडून एक अशा काढल्या आणि सगळे खोड ओल्या शेवाळाने गुंडाळून बांधले. उघड्या पडलेल्या जागी नवी साल आली, झाड जगले. पुढे सालीचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा खरी गंमत कळली. झाकून राहिलेल्या जुन्या सालीतील औषधी द्रव्यांचे प्रमाण उघड्या सालीपेक्षा वाढलेले होते. शेवाळाखाली नव्याने आलेल्या सालीत तर त्याहूनही अधिक! व्यापारात या तिन्ही साली वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात. यात रोग्याच्या जिवाचा प्रश्न होता. साल कशी वाढली हे ठाऊक नसेल, तर चमचाभर भुकटीतून त्याच्या पोटात किती औषध गेले हे वैद्याने कसे सांगावे?

असे का घडले? उन्हाने क्विनीन बिघडते, म्हणून अंधारात ते टिकले, असा तर्क तेव्हा केला गेला. पण जरा थांबा. शेवाळाने केवळ प्रकाश अडवला नाही; ओलावा वाढवला, वाराही अडवला. नव्या सालीच्या बाबतीत तर झाडाला जखमही झाली होती. शिवाय सालीत जे मोजले जाते ती शिल्लक असते. हौदातील पाणी वाढले, तर नळ मोठा झाला की गळती थांबली, हे नुसती पातळी पाहून कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम बागेतही पाळावा लागतो.

अर्थात सारे काही परिस्थितीच्या हाती नाही. १८६५ साली बोलिव्हियातील निवडक झाडांचे बी डचांनी विकत घेऊन जावा बेटावर लावले, आणि त्या वाणापुढे शेवाळाची ही सारी खटपट फिकी पडली.

क्विनीन आणि प्रकाश यांचे नाते मात्र तुम्हाला घरी पाहता येईल. क्विनीन असलेले टॉनिक वॉटर स्वच्छ काचेच्या पेल्यात ओता, पेला उन्हात ठेवा व मागे काळा कागद धरा. ऊन जेथून आत शिरते तेथे पृष्ठभागालगत फिकट निळी झाक दिसेल. जॉन हर्शेल यांनी क्विनीनच्या द्रावणात ती १८४५ साली पाहिली होती. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण क्विनीन शोषून घेते आणि त्यातील काही ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत देते. आता पेल्यापुढे खिडकीची साधी काच धरून पाहा. झाक किती कमी होते?