शोध आणि स्वीकार : पंडिता रमाबाई, धर्मानंद कोसंबी आणि सिमोन वेल यांच्या आत्मपर लेखनातील धर्मानुयायित्वाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीत 'सत्यशोधक' हा शब्द रूढ झाला तो जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या समाजामुळे. फुल्यांचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाला आणि त्याचे नाव 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' असे आहे. प्रस्थापित धर्मसंस्थेचे अधिकार नाकारणाऱ्या विचारवंतानेही शोधाच्या अखेरीस 'धर्म' हा शब्द टाकून दिला नाही, त्याला नवा आशय दिला. शोध आणि धर्म यांचे नाते केवळ विरोधाचे नाही, हे एवढ्यावरूनही दिसते. मात्र ते नाते नेमके कोणते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सत्याचा शोध चालू असतानाच एखाद्या धर्माचे अनुयायित्व पत्करावे, की शोध पूर्ण होईपर्यंत बाहेर थांबावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, आधी परीक्षण करावे आणि मग स्वीकार. कारण एकदा आत गेल्यावर परीक्षण करणारी दृष्टीच त्या धर्माने घडवलेली असते. दुसरे असे की, आचरणावाचून धर्म कळत नाही. बाहेर उभे राहणाऱ्याला त्या धर्माविषयीची विधाने तेवढी कळतात, धर्म कळत नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि म्हणूनच निव्वळ तर्काच्या पातळीवर हा वाद मिटत नाही. ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला, त्याची किंमत मोजली आणि त्याविषयी लिहून ठेवले, त्यांच्या लेखनाकडे वळणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेखात अशा तीन व्यक्तींच्या आत्मपर लेखनाचा विचार केला आहे. त्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'अनुयायी होणे' या एकाच शब्दप्रयोगात तीन वेगळ्या क्रिया सामावलेल्या असतात : त्या धर्माचा आचार स्वीकारणे, त्याची मते मान्य करणे आणि त्याच्या संघात प्रवेश करणे. या तिन्ही क्रिया एकाच वेळी घडतात असे गृहीत धरल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. पुढील तिन्ही उदाहरणांत त्या एकमेकींपासून सुट्या झालेल्या दिसतात.

२. पंडिता रमाबाई : प्रवेशानंतरचा शोध

रमाबाईंचा (१८५८–१९२२) जन्म अनंतशास्त्री डोंगरे यांच्या विद्वान, परंतु भटक्या कुटुंबात झाला. तीर्थयात्रा आणि पुराणकथन हेच या कुटुंबाचे जीवन होते. दुष्काळात आईवडील गेले आणि व्रते, दाने, उपवास यांवरील रमाबाईंची श्रद्धा ढासळत गेली. १८७८ मध्ये त्या बंधूंसह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या आणि केशवचंद्र सेन यांच्यामुळे वेदवाङ्मयाचा परिचय घडला. विवाहानंतर आसामात त्यांच्या हाती लूकचे शुभवर्तमान आले. पतिनिधनानंतर पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

येथवरची हकीकत 'शोध संपला आणि स्वीकार झाला' या साच्यात बसणारी वाटते. परंतु वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार वेगळेच चित्र उभे करतो. (हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.) बाप्तिस्म्यानंतरच्या या पत्रांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतात, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी युक्तिवाद करतात आणि चर्चने घालून दिलेली मते केवळ चर्चची आहेत म्हणून मान्य करण्यास नकार देतात. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही, हा त्यांचा आशय स्पष्ट आहे. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, संस्कृतमध्ये का नसावीत, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला. जेराल्डीन यांना यात अहंकार आणि जुन्या जातिसंस्काराचा अवशेष दिसला.

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे ओढणारी गोष्ट प्रथमतः सिद्धांत नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी लंडनमधील भगिनींनी चालवलेले काम त्यांनी फुलहॅम येथे पाहिले आणि त्यामागील करुणेचा उगम त्या शोधू लागल्या. म्हणजे आचार त्यांना पटला होता, संघात त्यांनी प्रवेशही केला होता. मतांचा स्वीकार मात्र शिल्लक होता आणि तो त्या स्वतःच्या अटींवर करू पाहत होत्या. अशा भूमिकेमुळेच गौरी विश्वनाथन यांनी 'आउटसाइड द फोल्ड' (१९९८) या ग्रंथात धर्मांतराचा विचार परंपरेची चिकित्सा करणारी कृती म्हणून केला, तेव्हा रमाबाईंचे उदाहरण त्यात महत्त्वाचे ठरले.

१९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे विधान प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने कळीचे आहे. अनुयायित्व शोधाचा शेवट ठरले नाही; तो शोधातील एक मुक्काम ठरला, आणि तो मुक्काम होता हे पुढे गेल्यावरच कळले.

३. धर्मानंद कोसंबी : चीवर हे साधन

गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांची कथा त्यांच्या 'निवेदन' (१९२४) या आत्मचरित्रात आली आहे. बुद्धाचे चरित्र त्यांनी प्रथम वाचले ते 'बालबोधमेवा' या मिशनऱ्यांनी चालवलेल्या मुलांच्या मासिकात. आसपास बौद्ध माणूस नाही, ग्रंथ नाही, शिक्षक नाही, अशा स्थितीत तो धर्म जाणून घेण्याचा त्यांनी निश्चय केला आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून घर सोडले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांची भेट, काशीत संस्कृताचे अध्ययन, नेपाळातील निराशा, बुद्धगया आणि अखेर १९०२ मध्ये सिंहलद्वीप असा हा प्रवास आहे. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले.

कोसंबींच्या कथनात दीक्षेचा प्रसंग उत्कट साक्षात्काराच्या रूपाने येत नाही. पाली ग्रंथ शिकायचे आहेत, ते ज्यांच्या मुखी आणि आचरणी जिवंत आहेत त्यांच्यात राहायचे आहे, आणि त्यासाठी संघाचे नियम पाळायचे आहेत, असा त्यातील सरळ क्रम आहे. म्हणजे संघप्रवेश हे ज्ञानाचे साधन आहे. पुढे १९०६ च्या सुमारास कलकत्त्यात पालीचे अध्यापन स्वीकारताना त्यांनी चीवर उतरवले आणि कुटुंबाला जवळ आणले. बुद्धावरील निष्ठा मात्र सुटली नाही; हार्वर्ड येथील 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचे काम, फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आणि मराठीतील 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ यांतून ती व्यक्त होत राहिली.

एवढ्यावर त्यांचा शोध थांबला असेही नाही. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या अखेरच्या लेखनात ते जैन परंपरेतील यामांकडे वळले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. एका बौद्ध पंडिताने मरणाचा मार्ग जैन परंपरेतून घ्यावा, यात विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु सत्य ज्या परंपरेत दिसेल तेथून घ्यावे, ही वृत्ती 'निवेदन'च्या पहिल्या पानांपासूनच आढळते.

४. सिमोन वेल : उंबरठ्यावरचे थांबणे

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) हिचा निर्णय वरील दोघांच्या उलट आहे. धर्म न पाळणाऱ्या ज्यू कुटुंबात वाढलेल्या वेलला १९३७ मध्ये असिसी आणि १९३८ मध्ये सोलेम येथे तीव्र धार्मिक अनुभव आले. ख्रिस्तावर तिची श्रद्धा बसली. तरीही तिने बाप्तिस्मा घेतला नाही. १९४२ मध्ये मार्सेय सोडताना फादर जोसेफ-मारी पेरँ यांना लिहिलेल्या पत्रांत तिने याची मीमांसा केली. ही पत्रे तिच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या स्वतःच्या लेखनापुरते बोलायचे तर ती बाहेरच राहिली. अखेरच्या दिवसांविषयी एका मैत्रिणीने पुढे सांगितलेली हकीकत वेगळी आहे.

वेलची कारणे बुद्धिवादी संशयाची नाहीत. संस्कृत शिकून भगवद्गीता मुळातून वाचणाऱ्या आणि ग्रीकांवर प्रेम करणाऱ्या या स्त्रीला चर्चच्या बाहेर राहिलेले फार काही सत्य वाटत होते. मतभेद असणाऱ्यांना बहिष्कृत ठरवणारे चर्चचे सूत्र तिला अडवत होते. जे आत येऊ शकत नाही त्याच्यासोबत बाहेर थांबणे, हीच तिला आज्ञा वाटली. रमाबाईंनी मते मान्य नसताना प्रवेश केला; वेलने श्रद्धा असताना प्रवेश टाळला. दोघींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही.

५. परतीची वाट आणि लेखनाचा प्रकार

हा फरक केवळ स्वभावाचा मानून चालणार नाही. प्रवेशविधीचे स्वरूप प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रानुसार बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसता येत नाही. याउलट थेरवादी विनयात शिक्षापदांचा त्याग करून गृहस्थजीवनात परतण्याची मान्य रीत आहे. तिला पालीत 'सिक्खापच्चक्खान' म्हणतात. कोसंबींना चीवर हे अध्ययनाचे साधन करता आले, ते संघाने परतीची वाट उघडी ठेवली म्हणून. वेलचे थांबणे आणि रमाबाईंचे आत राहून भांडणे, या दोन्हींना बाप्तिस्म्याची अपरिवर्तनीयता समजून घेतल्याशिवाय अर्थ लागत नाही. जन्माने लाभलेल्या धर्मात तर प्रवेशाचा प्रश्नच येत नाही. तेथे निर्णय असतो तो सोडण्याचा. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती मित्रांच्या आग्रहाने अस्वस्थ झालेल्या गांधीजींनी १८९४ मध्ये राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न पाठवले, ते याच स्थितीतून. उत्तरांनंतर ते जन्मधर्मात राहिले, पण इतर धर्मांचे वाचन त्यांनी थांबवले नाही.

दुसरा मुद्दा लेखनप्रकाराचा आहे. रमाबाईंची 'साक्ष' ही प्रॉटेस्टंट परंपरेतील रूढ रचना आहे. साक्षीदार घडून गेलेल्या गोष्टीविषयी बोलतो, त्यामुळे आधीचे सारे जीवन त्या शेवटाकडे जाणारे दिसू लागते. 'निवेदन' हा शब्द मराठी वाचकाला नवविधा भक्तीतील आत्मनिवेदनाची आठवण करून देतो, पण कोसंबींचे निवेदन देवापुढे नाही, वाचकांपुढे आहे, आणि ते निष्कर्षाचा आग्रह धरत नाही. पत्र तर उत्तराच्या अपेक्षेने लिहिलेले असते. त्यात निर्णय मोकळा राहू शकतो. रमाबाईंची १८८० च्या दशकातील पत्रे आणि १९०७ ची साक्ष शेजारी ठेवून वाचली की एकाच व्यक्तीचा एकच शोध लेखनप्रकारानुसार कसा वेगळा दिसतो, हे ध्यानी येते. केवळ साक्ष वाचणाऱ्याला अनुयायित्व म्हणजे शोधाची समाप्ती वाटेल. केवळ पत्रे वाचणाऱ्याला ते बंडाचे दुसरे नाव वाटेल.

६. समारोप

तीन उदाहरणांवरून सर्वांना लागू पडणारा नियम काढता येणार नाही. मात्र 'आधी शोध की आधी स्वीकार' ही मांडणी अपुरी आहे, एवढे निश्चित म्हणता येते. आचार, मत आणि संघ यांपैकी कशाला होकार द्यायचा, किती काळासाठी, आणि परतण्याची मुभा ठेवून की न ठेवता, असे प्रश्न शोधकापुढे प्रत्यक्षात असतात. ज्याला हे भेद दिसतात त्याला अनुयायित्व पत्करूनही शोध चालू ठेवता येतो. ज्याला ते दिसत नाहीत तो बाहेर राहूनही शोध थांबवू शकतो.

या निर्णयाची किंमत केवळ शोधकच मोजत नाही, हेही विसरता येत नाही. बाळाबाई कित्येक वर्षे मुलीसह मागे राहिल्या. मनोरमेचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती अवघी दोन वर्षांची होती. रमाबाईंसोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच १८८३ मध्ये वाँटेज येथे आपले जीवन संपवले. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांसारखे सहानुभूतिदारही त्या संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आत्मपर लेखनात या इतरांचा आवाज क्षीण असतो. तो ऐकणे अभ्यासकाचे काम आहे.

मराठी वाङ्मयेतिहासात रमाबाई 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या प्रकरणात आणि कोसंबी 'बौद्ध वाङ्मय' या प्रकरणात ठेवले जातात. ही वर्गवारी सोयीची असली तरी तिच्यामुळे दोघांचे समान सूत्र झाकले जाते. वेलसारख्या उंबरठ्यावर राहिलेल्या लेखिकेशी तुलना केली असता ते पुन्हा दिसू लागते. धर्माच्या नावाऐवजी शोधाच्या रीतीनुसार हे लेखन एकत्र वाचले, तर मराठीतील आत्मचरित्राचा एक महत्त्वाचा प्रवाह वेगळ्या प्रकाशात मांडता येईल.